ऑनलाइन समस्याधारित अध्ययन : शिक्षकाची भूमिका

लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेने १९९९ मध्ये दूरवैद्यक प्रकल्पास प्रारंभ केला. पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या उपग्रहीय साहाय्याने ओडिशातील कटक, बुर्ला व बेऱ्हमपूर येथील वैद्यकीय महाविद्यालये तिच्याशी जोडली गेली. अंतराचा अडसर दूर झाला. तथापि, व्याख्यान ऐकणे आणि निदान करण्यास शिकणे या भिन्न गोष्टी आहेत.

समस्याधारित अध्ययनाचा संबंध दुसऱ्या गोष्टीशी आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने १९६९ पासून ही पद्धती रूढ केली. येथे समस्या आधी येते, सिद्धान्त नंतर. आपणांस काय ठाऊक नाही, हे छोटा गट स्वतः ठरवितो आणि शोध घेऊन परततो. शिक्षक व्याख्याता नसून सुलभक असतो. (प्रकल्प पद्धतीत भर अंतिम निर्मितीवर असतो, परीक्षार्थींनी या दोहोंत गल्लत करू नये.)

समजा, लखनौतील शिक्षकाने ऑनलाइन गटापुढे एक रुग्ण मांडला : पावसाळ्याच्या अखेरीस गोरखपूर भागातील सहा वर्षांचे मूल, पाच दिवस ताप, नंतर झटके व बेशुद्धी. गट तत्काळ ‘जपानी मेंदूज्वर’ म्हणेल. २००५ च्या साथीत पूर्व उत्तर प्रदेशात हजाराहून अधिक बळी गेले, ही पार्श्वभूमी त्यामागे असते. शिक्षकाची कसोटी नेमकी येथे लागते. ‘स्क्रब टायफसचाही विचार करा’ असे त्याने सांगून टाकले, की पाठ संपला. त्याऐवजी त्याने विचारावे : लस दिली होती काय? त्वचा कोणी तपासली? काखेत काळी खपली आढळल्यास दिशा बदलते; मात्र ती प्रत्येक रुग्णात दिसतेच असे नाही. म्हणून पुढचा प्रश्न : खपली नसती तर? जपानी मेंदूज्वरावर विशिष्ट औषध नाही. स्क्रब टायफस मात्र वेळीच दिलेल्या डॉक्सिसायक्लिनने आटोक्यात येतो. निदानातील घाई येथे जिवावर बेतू शकते.

वर्गात मुद्रा पाहून गोंधळ ओळखता येतो. पडद्यावर कॅमेरे बंद असतात; एखादा वाचाळ विद्यार्थी बोलतो, इतर मौनाने संमती देतात. यास्तव चर्चेपूर्वीच प्रत्येकाकडून कारणासह लेखी अंदाज घ्यावा. मंद जोडणी असलेल्या विद्यार्थ्यालाही त्यामुळे स्थान मिळते. सुलभकास विषयज्ञान नसले तरी चालते, हे मत प्रस्तुत लेखकास मान्य नाही. नेमका प्रश्न जाणकारालाच सुचतो. मूल्यमापनातही हेच लेखी अंदाज उपयोगी पडतात : अचूक पण निराधार उत्तराहून चुकीच्या, पण सकारण उत्तरास अधिक गुण देता येतात.