कॅसिनोचे सभासद-कार्ड : हिशेबाचा एक पाठ

सुरत शहरानजीक, हजिऱ्याच्या मार्गावर इच्छापोर हे गाव आहे. सुरत व तिच्या परिसरात खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतील जुगारबंदीचा पाया १८८७ चा एकच मूळ कायदा होय. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोविषयक एक अधिनियम केला होता. परंतु तो कधीच अमलात आला नाही व २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. म्हणून कॅसिनो इच्छापोरला नाही, तसा जळगावलाही नाही. तथापि सुटीत गोव्यास जाणाऱ्यांना मांडवी नदीतील नौकांवर तो भेटतो. नेहमीच्या खेळाडूस सभासद-कार्ड देणे, लावलेल्या पैशांवर गुण म्हणजेच पॉइंट जमा करणे आणि त्या गुणांवर जेवण, मुक्काम वा भेटवस्तू देणे ही या व्यवसायातील जगभरची रूढी आहे. हा लाभ खरा आहे काय, याचा हिशेब येथे मांडला आहे.

मूळ हिशेब

रुलेट या खेळाच्या चक्रावर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. आकडा लागल्यास लावलेल्या रुपयास ३५ रुपये मिळतात व मूळ रुपया परत येतो. समजा, एका आकड्यावर प्रत्येक वेळी १०० रुपये याप्रमाणे ३७ डाव लावले आणि प्रत्येक आकडा एकदा आला. लावलेली रक्कम ३,७०० रुपये, परत आलेली ३,६०० रुपये. शंभर रुपये कॅसिनोकडे राहिले. हे प्रमाण शेकडा २.७ पडते. ज्या चक्रावर दोन शून्ये असतात, तेथे ते शेकडा ५.२६ होते. गावच्या अड्ड्यावर मालक ‘नाल’ काढतो, तीच ही नाल होय. फरक इतकाच की, ती खेळाच्या नियमांतच लपलेली असते. एखाद्या रात्री खेळाडू जिंकतोही. परंतु डावांची संख्या वाढत गेली की निकाल या प्रमाणाकडे झुकतो.

गुणांची किंमत

आता समजा, दर हजार रुपयांच्या डावांवर पाच रुपये किमतीचे गुण मिळतात. ३७,००० रुपयांचे डाव लावल्यास सरासरी तोटा १,००० रुपये, आणि गुण १८५ रुपयांचे. म्हणजे ‘फुकट’ जेवणाची किंमत खेळाडूने अगोदरच पाचपटीहून अधिक चुकती केलेली असते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ३७,००० रुपये खिशात असावे लागतात असे नाही. पाच हजार रुपयेच जिंकत-हरत फिरत राहिले तरी डावांची बेरीज तेवढी होऊ शकते. तोटा त्या संपूर्ण बेरजेवर पडतो.

खरा धोका वरच्या श्रेणीच्या आमिषात आहे. ‘आणखी थोडे गुण झाले की सोनेरी कार्ड’ या विचाराने खेळाडू ठरविलेल्या वेळेनंतरही बसून राहतो. प्रत्येक नवा डाव त्याच शेकडा २.७ च्या प्रमाणाखाली येतो. शिवाय कोण किती वेळ खेळतो व किती लावतो, याची नोंद कार्डामुळे कॅसिनोस मिळते. अमेरिकेतील हॅराज कंपनीने १९९७ मध्ये आपल्या निरनिराळ्या कॅसिनोंसाठी एकच कार्ड सुरू केले आणि अशा नोंदींवरूनच कोणास कोणती भेट द्यावी हे ठरविले. भेट ही खेळाडूस परत आणण्यासाठी केलेला खर्च असतो.

मग निष्कर्ष काय? जो मनुष्य ठरावीक रक्कम करमणुकीखातर खर्च करणारच आहे, त्याने मिळालेले जेवण घेतल्यास तोटा थोडा कमी होतो. परंतु गुणांसाठी एकही डाव अधिक लावला की हा फायदा संपू लागतो. कार्ड तोटा घटवू शकते. त्याचे नफ्यात रूपांतर करू शकत नाही.

मोबाइलवरील पैशांच्या खेळांतही स्वागत-रक्कम व श्रेणी यांचे असेच आमिष दाखविले जात असे. संसदेने २०२५ च्या अधिनियमाने असे ऑनलाइन खेळ व त्यांच्या जाहिराती यांना मनाई केली आहे. गोवा शासनानेही १ फेब्रुवारी २०२० पासून स्थानिक रहिवाशांना कॅसिनोत प्रवेश बंद केला.

शिक्षकांसाठी

शेकडेवारी शिकविताना पुढील उदाहरण द्यावे : दोन शून्ये असलेल्या, म्हणजे ३८ आकड्यांच्या चक्रावर ३८,००० रुपयांचे डाव लावले. हजारी पाच रुपयांचे गुण वजा करता सरासरी तोटा किती? उत्तर १,८१० रुपये येईल. ही रक्कम घरात राहिली असती तर तिचा कोणता विनियोग झाला असता, याचा विचार विद्यार्थ्यांनी स्वतः करावा.