अनुग्रह आणि अधिकार : तंजावरच्या निमित्ताने अपिलाचा अभ्यास

निवृत्तिवेतन, विधवांसाठीचे साहाय्य, वृद्धापकाळ वेतन अशा रकमा आज बहुतांशी बँक खात्यातूनच लाभार्थींच्या हाती पडतात. त्यामुळे अर्ज नामंजूर झाला किंवा चालू रक्कम थांबली, की संबंधित व्यक्ती प्रथम बँकेच्या खिडकीशी येते. निर्णय मात्र पुष्कळदा बँकेचा नसतो. अशा निर्णयाविरुद्ध दाद कोठे व कशी मागावी, हे ग्राहक आणि कर्मचारी या दोघांनीही जाणून घेणे आवश्यक आहे. या विषयाचा इतिहास पाहू जाता मराठी वाचकाला तंजावरला जावे लागते.

राणीचा दावा

१७९९ च्या तहाने तंजावरच्या भोसले राजांचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजीराजांकडे वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारस नसताना निवर्तले. कंपनीने संस्थान खालसा केले आणि राजवाड्यातील खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. तेव्हा ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. निकाल राणीसाहेबांच्या बाजूने लागला.

कंपनीच्या वतीने हे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे अपिलात गेले. १८५९ मध्ये तेथे मद्रासचा निकाल फिरवण्यात आला. मालमत्ता ताब्यात घेणे हे सार्वभौम सत्तेचे कृत्य आहे. ते न्याय्य होते की अन्याय्य, याचा विचार न्यायालयाला करता येत नाही, असे कारण देण्यात आले. राणीची बाजू खोटी ठरली नव्हती. ती ऐकण्याचा अधिकारच कोणत्या न्यायालयाला नाही, असे ठरले होते.

पुढे १८६२ मध्ये सरकारने ही मालमत्ता राण्यांना परत केली. पण हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून. व्यवस्था कोणी पाहायची, हेही सरकारी आदेशानेच ठरले. पुढे राण्यांमध्ये वाद उद्भवला, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाला १८६८ मध्ये त्या आदेशाच्या शब्दांचाच अर्थ लावत बसावे लागले. कृपेने मिळालेल्या वस्तूचे माप देणाऱ्याच्या शब्दांनीच होते, हा यातील पहिला धडा.

दान नव्हे, हक्क

१८७१ च्या पेन्शन कायद्यात हीच दृष्टी दिसते. सरकारी पेन्शन व देणग्यांविषयीचे दावे जिल्हाधिकाऱ्याकडे नेण्याची तरतूद त्यात आहे. त्याच्या प्रमाणपत्राविना दिवाणी न्यायालयाने ते ऐकू नयेत असा दंडक आहे. राज्यघटनेनंतर चित्र पालटले. पेन्शन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद प्रकरणात स्पष्ट केले. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा प्रकरणात, केवळ निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांमध्ये केलेला भेद समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरला. हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो.

तामिळनाडूतील एक अनुभव

तामिळनाडू शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये कुटुंबातील पात्र महिलेला दरमहा १,००० रुपये देणारी योजना सुरू केली. तिच्या तमिळ नावातील ‘उरिमै’ या शब्दाचा अर्थच ‘हक्क’ असा आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपेक्षा कमी, बागायत जमीन पाच एकरांच्या आत, वर्षाचा वीजवापर ३,६०० युनिटांच्या आत, अशा अटी होत्या. कावेरीच्या पाण्यावर भातशेती करणाऱ्या तंजावरसारख्या जिल्ह्यात जमिनीच्या नोंदीतील एक चूकही अर्ज फेटाळला जाण्यास पुरेशी होती.

म्हणूनच अपिलाची सोय महत्त्वाची होती. नामंजुरीचे कारण लघुसंदेशाने कळवायचे. त्यानंतर तीस दिवसांत ई-सेवा केंद्रातून अपील करायचे. आपल्याकडील प्रांताधिकाऱ्यासमान असलेल्या महसूल विभागीय अधिकाऱ्याने त्यावर निर्णय द्यायचा, अशी ती पद्धत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये सात लाखांहून अधिक महिलांची लाभार्थींमध्ये भर पडली. पहिला नकार हा शेवटचा नसतो, हे यावरून ध्यानी यावे.

याच योजनेत बँकांसाठीही बोध होता. जमा झालेली रक्कम काही ठिकाणी किमान शिल्लक शुल्कापोटी वळती झाल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्य शासनाला त्याविरुद्ध बजावावे लागले.

अपील करताना

१. निर्णय लेखी आणि कारणांसह मागून घ्यावा. कारण माहीत नसेल, तर त्याचे उत्तर देता येत नाही.

२. निर्णय हाती आल्याचा दिनांक नोंदवून ठेवावा. अपिलाची मुदत मोजताना तो लागतो.

३. अपिलात नाराजीपेक्षा पुराव्याला स्थान द्यावे. उत्पन्न, जमीन, वय यांपैकी जी नोंद चुकली असेल, तिच्यापुरता दाखला जोडावा.

४. अर्जाची पोच दिनांक व शिक्क्यासह घ्यावी. तामिळनाडूत जिल्हाधिकारी कार्यालयात सोमवारी तक्रार निवारण दिन भरतो. तेथेही ही पोच उपयोगी पडते.

५. दोष मंजुरीत आहे की वाटपात, हे आधी ठरवावे. मंजुरी नाकारली असल्यास संबंधित शासकीय अधिकाऱ्याकडे जावे. मंजूर रक्कम खात्यात चुकीची जमा झाली किंवा हयातीचा दाखला देऊनही पेन्शन थांबली, तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

कर्मचारी बंधुभगिनींनी खिडकीशी आलेल्या वृद्ध ग्राहकाला ‘वरूनच आले नाही’ एवढेच सांगून परत पाठवू नये. कोणत्या कार्यालयाने, कोणत्या कारणाने रक्कम थांबवली याबद्दल बँकेच्या नोंदीत जे दिसते, ते कागदावर लिहून द्यावे. त्या चार ओळींवर पुढचे अपील उभे राहते.

कामाक्षीबाईसाहेबांकडे वकील होते, साधने होती. नव्हते ते गाऱ्हाणे ऐकण्याचा अधिकार असलेले पीठ. आजच्या सामान्य निवृत्तास आणि विधवेस ते उपलब्ध आहे. तेथवरची वाट मुदतीच्या आत दाखवणे एवढे कर्तव्य आपल्याकडे उरते.