नाताळचा चित्रपट आणि रात्रपाळीचे मेंढपाळ
अभ्यासाचा भाग : लूक २:८-२०, मत्तय २:१-१२

इच्छापोरात आम्ही काही मराठी कुटुंबे नाताळच्या दिवसांत एका घरी जमून चित्रपट पाहतो व मग शास्त्र उघडून त्यावर बोलतो. पाहिलेले वचनाशी ताडून पाहणे अगत्याचे आहे. पुष्कळ चित्रपटांत तीन मुकुटधारी राजे उंटांवरून थेट गव्हाणीपाशी येतात. मत्तय त्यांना मागी म्हणतो, त्यांची संख्या देत नाही, आणि ते घरात गेले असे सांगतो (२:११). असा थाट डोळ्यांत भरतो व मेंढपाळ मागे पडतात.

९ डिसेंबर १९६५ रोजी अमेरिकेत दूरचित्रवाणीवर 'अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस' हा अर्ध्या तासाचा व्यंगचित्रपट प्रथम दाखविण्यात आला. त्यात नाताळचा अर्थ विचारला जाताच लायनस हा लहान मुलगा मेंढपाळांचाच वृत्तांत (लूक २:८-१४) म्हणून दाखवितो. सहकारी साशंक होते, तरी लेखक चार्ल्स शुल्झ यांनी तो उतारा ठेवलाच.

हे मेंढपाळ कोण? रात्रपाळीवरची माणसे! कामावर जागणाऱ्यांना पहिली सुवार्ता मिळाली. आमच्याजवळ हजिऱ्याचे मोठे कारखाने रात्रंदिवस चालतात. सणाच्या रात्रीही कोणी तरी पाळीवर असतोच. त्याच्यावाचून आपण कार्यक्रम उरकावा काय? त्याच्या सुटीचा दिवस पाहूनच चित्रपट ठेवावा.

चर्चेसाठी प्रश्न :
१. चित्रपटातले काय शास्त्रात आहे, काय नाही?
२. मेंढपाळांना किती जागा मिळाली?
३. आपल्या मंडळीत आज कोण पाळीवर आहे?