आमदारांचा अधिवेशनाचा मेसेज कसा वाचायचा?



१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या यांत्रिक बोटी किनाऱ्याला असतात. त्याच सुमारास, साधारण जुलैच्या मध्यानंतर, पर्वरीला विधानसभेचं पावसाळी अधिवेशन भरतं. जाळी विणायची, इंजिनं खोलायची, आणि अधूनमधून मोबाईल बघायचा. मोबाईलवर आमदारांचे मेसेज येत असतात. ‘जेटीचा प्रश्न सभागृहात मांडला.’ ‘डिझेलच्या परताव्यावर सरकारला धारेवर धरलं.’ ‘एलईडी मासेमारीवर कडक कारवाईचं मंत्र्यांचं आश्वासन.’ सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ.

आपण अंगठा दाखवतो आणि मेसेज पुढे पाठवतो. ऑगस्टमध्ये बोट पाण्यात घातली की मुखावर वाळू तशीच, परतावा तसाच अडकलेला, आणि रात्री बाहेर तेच पांढरे दिवे. मग ‘सगळे सारखेच’ म्हणून मोकळे होतो. पण बहुतेक वेळा मेसेज खोटा नसतो. त्यात जे लिहिलंय तेवढंच घडलेलं असतं, त्यापेक्षा जास्त आपण वाचलेलं असतं. म्हणून आजचा पाठ: आमदारांचा मेसेज नीट वाचायचा कसा, आणि त्याचा आपल्या संस्थेला उपयोग कसा करून घ्यायचा.

पहिली गोष्ट: मेसेजातलं क्रियापद बघा

‘विचारलं’, ‘मांडलं’, ‘लक्ष वेधलं’, ‘ठराव झाला’, ‘विधेयक संमत झालं’ हे पाचही शब्द वेगळे आहेत. त्यांचं वजनही वेगळं आहे.

तारांकित प्रश्न: याला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि आमदारांना त्यावर उपप्रश्न विचारता येतात. व्हिडिओत जी खडाजंगी दिसते ती बहुधा इथली. वेळ संपला आणि प्रश्नाची पाळी आली नाही, तरी लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर येतंच.

अतारांकित प्रश्न: याला फक्त लेखी उत्तर मिळतं. यात भाषण नाही, व्हिडिओ नाही, म्हणून याची बातमीही फारशी होत नाही. पण आपल्या दृष्टीनं हेच उत्तर अनेकदा जास्त कामाचं असतं, कारण त्यात आकडे, तारखा आणि याद्या जोडलेल्या असतात.

शून्य प्रहर आणि लक्षवेधी: तातडीचा विषय सरकारच्या कानावर घालण्याची ही साधनं. लक्षवेधीवर मंत्री निवेदन करतात. वादळात जाळी गेली, नदीत मासे मरून तरंगले, असा विषय इथे चटकन येऊ शकतो. पण लक्ष वेधलं म्हणजे निर्णय झाला असं नाही.

मागण्यांवरची चर्चा: खात्याला वर्षभर लागणारा पैसा सभागृह ‘मागणी’ म्हणून मंजूर करतं. मासेमारी खात्याच्या मागणीवर आमदार कपात सूचना देतात. कपात सूचना म्हणजे आमदारांना आपला पैसा कापायचाय असा अर्थ काढू नका. त्या निमित्तानं खात्याच्या कारभारावर बोलायची संधी मिळते. अशी सूचना मंजूर होणं जवळपास घडत नाही.

खासगी ठराव: शुक्रवारी मंत्री नसलेल्या आमदारांचं कामकाज असतं. ठराव संमत झाला तर ती सभागृहाची इच्छा किंवा शिफारस ठरते. तो कायदा नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये म्हादईच्या पाण्यासाठी विधानसभेनं ठराव घेतला. ठरावाला राजकीय वजन जरूर आहे, पण पाण्याचा तंटा लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापुढचा आहे. ठरावानं तो मिटत नाही.

विधेयक: हे आधी मांडलं जातं, मग विचारात घेतलं जातं, मग संमत होतं. गोव्याला विधान परिषद नाही, ४० आमदारांचं एकच सभागृह आहे. तरी तिथं संमत झालं की लगेच कायदा झाला असं नाही. राज्यपालांची संमती लागते. ते विधेयक परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. शिवाय विधानसभा विसर्जित झाली तर सभागृहात अर्धवट राहिलेलं विधेयक संपतं, नव्यानं आणावं लागतं. म्हणून ‘विधेयक मांडलं’ आणि ‘कायदा लागू झाला’ यांत कधीकधी एक अख्खा मोसम जातो.

दुसरी गोष्ट: कायदा, नियम, अधिसूचना की योजना?

आपल्या धंद्याचा मूळ राज्य कायदा १९८० चा आहे: गोवा, दमण आणि दीव सागरी मासेमारी नियमन कायदा. राज्याच्या हद्दीतल्या दर्यात कुठल्या बोटीनं कुठं, कधी, कशा जाळ्यानं मासेमारी करायची ते ठरवण्याचा अधिकार या कायद्यानं सरकारला दिला. प्रत्यक्ष तारखा आणि हद्दी मात्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं. पावसाळी बंदीच्या तारखा बदलायच्या असतील तर दरवेळी सभागृहात विधेयक आणावं लागत नाही. खात्याच्या पातळीवर निर्णय होऊन अधिसूचना निघते.

याचा अर्थ आपल्या बऱ्याच मागण्यांसाठी कायदा बदलायची गरजच नसते. अधिसूचना, खात्याचा आदेश किंवा अर्थसंकल्पातली तरतूद पुरते. म्हणून ‘कायदा आणतो’ असं कुणी म्हटलं, की आपण विचारायचं: साहेब, आजच्या कायद्यात हे होत नाही का? होत असेल तर अडलंय कुठं?

योजनेचंही तसंच. डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा ही राज्याची योजना. तिचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये केंद्रानं सुरू केली, पण अनेक कामांत राज्याचाही वाटा असतो. कुणी ‘केंद्राकडून पैसे आले नाहीत’ म्हणालं, तर राज्याचा वाटा भरला का, हे आपण विचारायला हवं. आणि तरतूद म्हणजे खर्च नव्हे, हे नेहमी ध्यानात ठेवा. मार्चमध्ये पुस्तकात आकडा छापला गेला, म्हणून ऑक्टोबरमध्ये तो आपल्या खात्यात असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट: हा विषय पर्वरीचा की दिल्लीचा?

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘मत्स्यव्यवसाय’ राज्य सूचीत २१ व्या नोंदीत आहे. पण प्रादेशिक समुद्राबाहेरची मासेमारी केंद्र सूचीत ५७ व्या नोंदीत आहे. प्रादेशिक समुद्र म्हणजे किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैल, साधारण २२ किलोमीटर. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत येतं.

एलईडीचंच घ्या. त्या क्षेत्रात एलईडी दिवे लावून मासेमारी आणि बुल ट्रॉलिंग यांवर केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. आता आमदार म्हणाले ‘कारवाई होणार’, तर पहिला प्रश्न: १२ मैलांच्या आत की बाहेर? आत असेल तर राज्याचं मासेमारी खातं आणि किनारी पोलीस. बाहेर असेल तर तटरक्षक दल आणि केंद्र. राज्याचा मंत्री बाहेरच्या कारवाईचं आश्वासन एकट्यानं पुरं करू शकत नाही. आतल्या कारवाईसाठी मात्र दिल्लीकडे बोट दाखवायचं कारण नाही.

नद्यांचंही असंच. राष्ट्रीय जलमार्ग कायदा, २०१६ नं गोव्यातल्या मांडवी, जुवारी, कुंभारजुवे कालवा, शापोरा, म्हापसा नदी आणि साळ हे राष्ट्रीय जलमार्ग ठरवले. तेव्हा साळच्या मुखावर वाळू साचली आणि कुटबणच्या बोटींना बेतूलकडून आत-बाहेर करताना तळ लागायची भीती वाटली, तर गाळ कुणी काढायचा? राज्याचं बंदर कप्तान खातं, मासेमारी खातं की केंद्राचं जलमार्ग प्राधिकरण? हे लेखी वदवून घेतलं नाही, तर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतील आणि बोट आपली आपटेल. सीआरझेडचंही लक्षात ठेवा. २०११ आणि २०१९ च्या अधिसूचना केंद्राच्या आहेत. किनाऱ्याचा आराखडा राज्य तयार करतं आणि मंजुरी केंद्र देतं. आपली होड्यांची जागा, जाळी सुकवायची जागा, खारवीवाडे नकाशात दाखवले नसतील, तर ती चूक राज्याच्या पातळीवर, मसुदा जाहीर झाला असतानाच धरायची असते.

चौथी गोष्ट: मंत्र्यांच्या उत्तराचे शब्द

‘विचाराधीन आहे’: निर्णय झालेला नाही.
‘प्रस्ताव पाठवला आहे’: कुठल्या तारखेला, कुणाकडे, हे विचारा.
‘निविदा प्रक्रिया सुरू आहे’: निविदा निघाली की निघायची आहे?
‘निधीच्या उपलब्धतेनुसार’: यंदा होण्याची शक्यता कमी.
‘माहिती गोळा केली जात आहे’: पुढच्या अधिवेशनात हाच प्रश्न पुन्हा द्या.
‘मी सभागृहाला आश्वासन देतो’: हे वाक्य तारखेसकट लिहून ठेवा.

या शेवटच्या वाक्याची किंमत मोठी आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचं पुढं काय झालं ते बघायला विधानसभेची आश्वासन समिती असते. जेटीवर येऊन नारळ फोडताना दिलेला शब्द आणि सभागृहात दिलेला शब्द यांत हा फरक आहे. सभागृहात जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर हक्कभंगाचा विषय होऊ शकतो, म्हणून लेखी उत्तर खातं तपासून देतं. तो कागद आपला पुरावा. खात्यात बोलायला जाताना तोच हातात ठेवायचा.

एक नमुना वाचून बघू

समजा असा मेसेज आला: ‘आज सभागृहात मच्छीमारांच्या डिझेल परताव्याचा विषय जोरदार मांडला. मंत्र्यांनी लवकरच सर्व थकबाकी देण्याचं मान्य केलं.’

आपण पाच प्रश्न विचारायचे.
१. कुठल्या साधनातून मांडला: प्रश्न, शून्य प्रहर की मागण्यांवरचं भाषण?
२. प्रश्न असेल तर त्याचा क्रमांक आणि तारीख काय?
३. लेखी उत्तरात थकबाकीचा आकडा किती दिला?
४. ‘लवकरच’ म्हणजे कुठल्या महिन्यापर्यंत? मंत्री स्वतः तसं बोलले की मेसेज लिहिणाऱ्यानं अर्थ लावला?
५. त्यासाठी चालू अर्थसंकल्पात पैसे आहेत, की पुरवणी मागणी लागणार?

हे प्रश्न आमदारांना अडचणीत आणायला नाहीत. उलट मेहनत करणाऱ्या आमदाराचं काम त्यातून नीट दिसतं. ज्यांनी खरोखर प्रश्न लावून धरला, ते क्रमांक आणि तारीख आनंदानं देतील. प्रश्नोत्तरं विधानसभेच्या संकेतस्थळावरही बघता येतात. घरात शिकलेली पोरं आहेत, त्यांच्याकडून काढून घ्या.

आता आपलं काम

आमदार दर्यात जात नाहीत. त्यांना माहिती आपणच पुरवायची. ‘साहेब, आमचं काहीतरी करा’ असं सांगितलं तर सभागृहात ‘सरकार मच्छीमारांसाठी काय करत आहे?’ असा प्रश्न जातो आणि उत्तरात योजनांची जुनी यादी येते. त्याऐवजी प्रश्न असा लिहून द्या:

‘गेल्या तीन आर्थिक वर्षांत डिझेलवरील व्हॅट परताव्यासाठी किती अर्ज आले? किती मंजूर झाले, किती प्रलंबित आहेत? सर्वांत जुना प्रलंबित अर्ज कोणत्या तारखेचा आहे? प्रलंबित रक्कम किती? ती कोणत्या तारखेपर्यंत दिली जाईल?’

या प्रश्नाला पळवाट कमी. आकडा मागितला की आकडा द्यावा लागतो.

प्रश्न सभागृहात येण्याआधी ठरलेल्या मुदतीत लेखी सूचना द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर धावत गेलात तर प्रश्न लागत नाही. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही असं घटना सांगते, म्हणजे संधी परत येते, पण तोवर मोसम सरतो. म्हणून बोटी वर ओढल्या की जूनमध्येच विषय गोळा करायचे. आमदार कुठल्या पक्षाचे हे बघत बसू नका. सत्ताधारी आमदारही प्रश्न विचारू शकतात, आणि शेजारच्या मतदारसंघातले आमदारही आपला प्रश्न लावू शकतात.

प्रत्येक वाड्यानं एक वही ठेवावी. तिच्यात पाच रकाने: विषय, सभागृहातली तारीख, प्रश्न क्रमांक, मंत्र्यांचे नेमके शब्द, आणि सहा महिन्यांनी काय झालं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न तोच.

रापणकार, होडीवाले, ट्रॉलरवाले, पर्सीनवाले यांचे आपसात मतभेद आहेत, ते एका पाठानं मिटणार नाहीत. पण परतावा, गाळ, जेटीवरचं पाणी आणि बर्फ, दर्यात गेलेल्या माणसाच्या घरची मदत, हे सगळ्यांचे सामाईक प्रश्न आहेत. निदान ते तरी एकाच कागदावर, आकड्यांसकट, वेळेत जाऊ द्या.

आपल्या वाड्याचे विषय लिहून संस्थेच्या कार्यालयात द्या. बाईमाणसांनीही द्यावेत. बाजारातली जागा, बर्फाचा दर, बाहेरून येणाऱ्या मासळीची तपासणी हे प्रश्न त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाहीत. आणि पुढच्या वेळी मेसेज आला की अंगठा जरूर दाखवा, पण त्याच्याखाली एवढं विचारा: ‘साहेब, प्रश्न क्रमांक किती?’