पोथी, पीडीएफ आणि कानातली ओवी



आज थोडा वेगळा विषय. नावडे रोडहून पनवेलच्या गाडीत बसायचं, इअरफोन लावून ज्ञानेश्वरी ऐकायची, हे ग्रंथवाचन धरायचं का? आमच्या नावड्याच्या सोसायटीत पारायणाची यादी करताना यावरून बरीच चर्चा झाली. एका मुलीकडे पोथी नव्हती, फोन होता. तिचं नाव राहिलं, पण दोघातिघांची नाराजी काही गेली नाही.

मला विचाराल तर फोन चालतो. बघा ना, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला माउली सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. गीतेच्या 700 श्लोकांवरच्या नऊ हजार ओव्या आधी कानांनीच ऐकल्या गेल्यात! मूळ गीता तरी काय, रणांगणावरचा संवाद. संजयाकडून ती ऐकणारा धृतराष्ट्र तर आंधळाच. त्याच्या हातात कुठली पोथी देणार? शिवाय नवविधा भक्तीत पहिलं श्रवणच येतं.

मग काहीही चालतं का? इथे मात्र मी कडक आहे.

ज्ञानेश्वरी पुढची तीनशे वर्षं हाताने उतरवली गेली. नकलांमध्ये चुका शिरल्या, शब्द बदलले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथ महाराजांनी प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये, असं बजावून ठेवलं. स्वतः एवढे मोठे कवी, पण तिथे स्वतःची भर घालायची नाही ही त्यांची शिस्त. आपण ‘पाठ आहे’ म्हणतो ते तोंडपाठ असलेलं, आणि ग्रंथातल्या नेमक्या शब्दांनाही ‘पाठ’च म्हणतो. तुकोबांची गाथा 1869 आणि 1873 मध्ये दोन भागांत छापली गेली, तेव्हाही जुन्या हस्तलिखितांचे पाठभेद बघावे लागलेच.

आता आपलं बघा. सकाळी स्टेटसला फुलांचा फोटो, चार ओळी आणि खाली ‘तुका म्हणे’. गाथेत शोधलं तर सापडत नाही! सुंदर असेल, पण ते तुकोबांचं म्हणून पुढे ढकलू नका. फॉरवर्ड करणारा हासुद्धा नक्कल उतरवणाराच की.

ऑडिओचंही तसंच. पुष्कळ ठिकाणी ओव्या गाळून नुसतं निरूपण असतं. ते जरूर ऐका, पण पारायणात मोजू नका.

उद्यासाठी बारावा अध्याय घ्या, छोटा आहे. कानात ऑडिओ, समोर छापील प्रत, आणि ओवीच्या क्रमांकावर बोट. कुठे क्रमांक सुटतो ते लिहून ठेवा.