युरियाच्या एका गोणीतून अमोनिया किती?
टाकवे बुद्रुक हे आंदर मावळातील भाताचे गाव. तेथील खाचरात पडणाऱ्या युरियाचा हिशेब करून पाहावा. युरिया व पाणी यांच्या एकेका रेणूपासून अमोनियाचे दोन व कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू होतो. म्हणजे ६० भाग युरिया व १८ भाग पाणी यांपासून ३४ भाग अमोनिया व ४४ भाग कार्बन डायऑक्साइड. दोन्हीकडे बेरीज ७८. सन २०१८ पासून गोणी ४५ किलोची आहे. ४५ ला ३४ ने गुणून ६० ने भागल्यास २५.५ किलो अमोनिया येतो. अर्थात युरिया शुद्ध व विघटन संपूर्ण धरून. साचलेल्या पाण्यावर युरिया फेकल्यास उन्हावाऱ्याने यातील बराच अमोनिया उडून जातो. दाम मात्र पुऱ्या गोणीचे पडतात! चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात, ती याचसाठी.