लांब पात्याला तेलाची जोड

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि मुरूड-श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या वाड्यांतील जुने आंबे-फणस मुळांसह आडवे झाले. जेथे बैलगाडीही पोहोचत नाही अशा वाडीतून अखंड ओंडका गिरणीपर्यंत नेणे अशक्यप्रायच. तो जागीच चिरावा, अन्यथा सरपण करावे. साखळी-करवतीला (कारागिरांच्या भाषेत ‘चेनसॉ’ला) मार्गदर्शक चौकट जोडून जागच्या जागी फळ्या पाडण्याची पद्धत अशा प्रसंगी उपयोगी पडते. मात्र तिच्यात पात्याच्या टोकाकडे तेल अपुरे पडते. त्यावरील घरगुती उपायाची माहिती येथे देत आहोत.

करवतीचा पंप तेल सोडतो ते यंत्राजवळच्या छिद्रातून. तेथून साखळी ते पात्याच्या मागील कडेने टोकाकडे नेते, टोकाला वळसा घालते आणि मगच कापणाऱ्या कडेवर येते. आडवा छेद घेताना हा प्रवास लहान असतो व कापही क्षणार्धात संपतो. फळी पाडताना मात्र ३०-३६ इंची पाते जवळजवळ संपूर्ण लाकडात बुडालेले असते, इंजिन कित्येक मिनिटे पूर्ण भाराखाली चालते, वळशावर तेल उडून जाते आणि उरलेले बारीक भुसा शोषून घेतो. परिणामी साखळी ताणून सैल पडते, पात्याच्या कडा निळ्या पडतात आणि टोकाचे चक्र अडकते. पाते महाग असते, हे वेगळे सांगावयास नको.

यासाठी चौकटीच्या बाहेरच्या टोकाला अर्ध्या लिटरची जाड प्लास्टिकची बाटली उलटी, पत्र्याच्या पट्टीने घट्ट बसवावी. बुचातून जुन्या दुचाकीचा पेट्रोल-कॉक रबरी वॉशरसह काढावा. बाटलीच्या वर आलेल्या तळाला सुईएवढे छिद्र पाडून त्यावर जाळीदार कापड बांधावे. हवा आत गेली नाही तर तेल थोड्याच वेळात थांबते आणि दोष विनाकारण कॉकला दिला जातो. कॉकपासून पेट्रोलची नळी घेऊन तिच्या टोकाला तांब्याच्या नळीचा तुकडा बसवावा. साखळी टोकाला वळून लाकडात शिरते त्याच्या किंचित अलीकडे, पाते व साखळी यांच्या सांध्यावर थेंब पडेल असे त्याचे तोंड ठेवावे. ते साखळीला कदापि टेकू नये, आणि नळी दोन ठिकाणी बांधलेली असावी. सलाईनची नवी नळी प्रयोगापुरती चालते, तिच्यात थेंबही मोजता येतात. परंतु तेलाने ती कालांतराने कडक होते, व दाट तेल तिच्यातून नीट उतरत नाही.

प्रारंभी सेकंदाला सुमारे एक थेंब ठेवावा. एक फळी निघाल्यावर इंजिन बंद करून पात्याजवळ हात न्यावा. स्पर्श करवत नसेल इतके ते तापले असेल तर धार वाढवावी. ही योजना पंपाच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला आहे. पंप चालूच राहिला पाहिजे. तिचा एक दोष मात्र पत्करावा लागतो: इंजिन थांबले तरी थेंब थांबत नाहीत. कॉक बंद करणे हे माणसाचेच काम.

तेल साखळीसाठीचेच घ्यावे. खाद्य वनस्पती तेलही चालते आणि विहिरीजवळच्या वाडीत तेच श्रेयस्कर. मात्र ते साठून चिकट होते म्हणून काम संपल्यावर पाते पुसून ठेवावे. इंजिनातून काढलेले काळे तेल फुकट मिळते म्हणून वापरण्याची रीत सर्रास दिसते. त्यातील धातूचे कण पाते झिजवतात आणि त्याचे तुषार त्वचेला व श्वासाला अपायकारक असतात.

बोथट साखळीवर कितीही तेल ओतले तरी ती तापणारच. उभ्या चिरकामासाठी दातांचा कोन नेहमीच्या ३० ऐवजी सुमारे १० अंश ठेवतात. डोळे, कान व पाय यांचे संरक्षण न करता करवत सुरू करू नये. झाड स्वतःच्या वाडीतले असले तरी ते चिरण्यापूर्वी व फळ्या हलवण्यापूर्वी लागणाऱ्या परवानगीची चौकशी वन परिक्षेत्र कार्यालयात करून घ्यावी.